बस्त्याच्या बैठकीतलं बाळंतपण

"मनीषशेठ, बसा खुर्चीवर. हात घट्ट धरा. आता हे दोघं तुम्हाला खाली नेणार."

मनीषशेठ माझ्याकडे बघतच राहिले. घरातला सगळ्यात जड माणूस मी मुद्दाम निवडला होता. लाकडी खुर्ची, पुढं एक हमाल, मागं एक हमाल. दुसऱ्या मजल्यावरून निघालेली ही वरात जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत नीट आली. तिथं खुर्चीचे पाय भिंतीला लागले, पाठ कठड्यात रुतली आणि शेठ असे अडकले की वर जाता येईना, खाली येता येईना.

"सिस्टर, हे काय करून राह्यले तुम्ही?" खालून त्यांचे वडील ओरडले. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. "पोराला मारता का माझ्या?"

"पोराला न्हाई मारत बाबूजी, सुनेची सोय बघून राह्यले."

मी लेबर रूमची सिस्टर. लेबर रूम म्हणजे दवाखान्यात बाया बाळंत होतात ती खोली. सगळी नोकरी तिथंच गेली. आता रिटायर झालेय, पण रजिस्ट्रेशन चालू ठेवलंय. ओळखीच्या डॉक्टर मॅडम अडीनडीला बोलावतात. माहेर मंठ्याकडचं, शेतकऱ्याची लेक, त्यामुळं तोंड फटकळ. पेशंट रुसतात, पण बोलावतात मलाच.

या घराची सून, मनीषशेठची बायको नेहा. दुसरी खेप, आठवा महिना. तिला घरीच बाळंत व्हायचं होतं. मी घरच्या बाळंतपणाच्या पक्की विरुद्ध. दवाखाना जवळ असताना हा शहाणपणा कशाला, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं. तेव्हा तिनं पहिल्या वेळचं सांगितलं. पहिलं बाळ बाहेरगावच्या एका मोठ्या दवाखान्यात झालं. बाळ छान, सगळं ठीक. पण ती टेबलावर तासन्‌तास एकटी. कुणी काही सांगेना, कुणी नावानं हाक मारीना, नवऱ्याला आत सोडीना.

"सिस्टर, मला वाटलं, आपण मरून राह्यलो आणि कुणाला पत्ताच न्हाई. मला परत तसं एकटं पडायचं न्हाई. घरी मेले तरी चालेल."

मेले तरी चालेल म्हणणाऱ्या बाईला मी आधी झापते. तिलाही झापलं. पण माझं मन जरा हललं. अशा किती बायांना मीही "थांब गं, येतेच" म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले असेन, कोण जाणे.

मॅडमनी तिला तपासलं. बाळाचं डोकं खाली, रक्त चांगलं, बीपी बराबर. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही घर बघून या. घर पास झालं तर मी हो म्हणते." खरं सांगायचं तर मी घर नापास करायलाच गेले होते.

मस्तगड बाजारपेठेतलं घर. तोंड अरुंद, आत लांबच लांब. खाली कापडाचं दुकान, वर दोन मजले, आणि दोन्हीला मिळून तो एक जिना. नेहानं दुसऱ्या मजल्यावरची स्वतःची खोली सजवून ठेवली होती. एसी, गुलाबी पडदे, दिव्यांची माळ, आणि मधोमध रबरी टब. फोनवर बघितलं होतं म्हणे, कोमट पाण्यात बसलं की कळा सुसह्य होतात.

"होतात ना," मी म्हटलं. "पण तुला पाण्यात चक्कर आली तर भरल्या टबातून उचलणार कोण? मी? माझे गुडघे बघ."

तिच्या सासूला सगळी मस्तगड भाभी म्हणते. भाभींची निवड वेगळी. पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या मागं एक बारकी खोली, खिडकी नसलेली. "माझी तिन्ही लेकरं इथंच झाली," त्या म्हणाल्या. "वारा लागत न्हाई, गरम पाणी हाताशी." मी आत उभी राहिले तर मला माझीच बोटं दिसेनात. बल्ब लावला तरी पिवळा उजेड. बाळंतपणात रक्त किती जातंय हे डोळ्यांनी बघावं लागतं. पिवळ्या उजेडात ते समजत नाही.

तरी उजेडाचं काही करता आलं असतं. जिन्याचं काय करणार? म्हणून मी खुर्ची मागवली. बाळंतपण बिघडलं तर बाई पायानं उतरत नाही, तिला न्यावं लागतं. स्ट्रेचर त्या जिन्यात शिरलंच नसतं. खुर्ची तरी वळते का, हे मला बघायचं होतं. ती वळली नाही, हे सगळ्यांनी बघितलं. मनीषशेठना शेवटी कठड्यावरून पाय टाकून, हमालाच्या खांद्याला धरून सोडवलं. नेहाला हसू आवरेना.

भाभी मात्र हसल्या नाहीत. त्या जिन्यातल्या त्या वळणाकडेच बघत होत्या.

"मी पण इथंच अडकल्ते," त्या म्हणाल्या.

बाबूजींनी मान वर केली. "कधी?"

"धाकटीच्या वेळी. रक्त थांबेना. दिरानं चादरीत घालून खाली न्यायला पाह्यलं, इथवर आणलं, पुढं काही वळता येईना. मंग परत वर नेलं. डॉक्टर घरी आले म्हणून मी हाय."

"मला कुणी बोललं न्हाई ते."

"तुम्ही खाली बस्ता बांधून राह्यल्ते. मामंजी म्हणाले, गिऱ्हाईक बसलंय, त्याला कशाला उठवता."

 बाबूजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, परत काढला. मग भाभीच म्हणाल्या, "सिस्टर, माझी खोली नको. दुसरी बघा."

दुसरी वर नव्हतीच. मी खाली उतरले. पुढं दुकान, आणि त्याच्यामागं बस्त्याची बैठक. लग्नाचे सगळे कपडे एकदम घ्यायचे त्याला बस्ता म्हणतात. सगळं घरदार, अख्खं खटलं येतं, दिवसभर बसतं, म्हणून कापडवाले आत मोठी गादी घालतात. या बैठकीत ट्यूबलाइट अशा लखलखीत की शालूचा खरा रंग दिसावा. मला नेमका तोच उजेड हवा होता. मागं न्हाणीघर, नळ, संडास. बैठकीतून सरळ रेषेत दुकान, दुकानातून सरळ रस्ता. मध्ये एकही वळण नाही, शटर वर केलं की गाडी दाराशी.

"ही जागा पास," मी म्हणाले.

बाबूजी खालीच बसले. "सिस्टर, गादी हाय ती! माझ्या वडिलांची. आणि लग्नसराई तोंडावर आली. भोकरदनपासून लोक येऊन राह्यले. त्यांना काय सांगू?"

"सांगा, नवा माल येणार हाय," भाभी मागून म्हणाल्या.

बाबूजींनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या बाईनं दुकानाच्या कारभारात तोंड घातलं नसावं. ते गादीला हात लावून उठले. मग म्हणाले, "बराबर हाय. तेच सांगतो."

आता रुसली ती नेहा. "मी दुकानात बाळंत होऊ? सगळी मस्तगड ऐकेल!"

"ओरड की मनसोक्त. कळा सुरू झाल्या की शटर खाली. आणि पडद्यांची काय कमी हाय गं तुला? कापडाच्या दुकानात बसून रडतेस?"

तिनं स्वतः तागे निवडले. बैठकीच्या चारी बाजूंना मोरपंखी पडदे लागले. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री केलेला मांजरपाट. मांजरपाट का? पांढऱ्यावर लाल लपत नाही म्हणून. माझी एकच अट होती. कळा सुरू झाल्या की मनीषशेठची व्हॅन मागचं दार शटरकडे करून उभी राहणार, किल्ली गाडीतच. आणि नेहाची एक अट होती. "मला सोडून जायचं न्हाई." मी म्हटलं, "न्हाई जाणार."

दिवस भरले, आणि कळा आल्या त्या भर दुपारी. मी पोचले तेव्हा बैठक बंद होती, पण पुढच्या दुकानात एक खटलं बस्ता बांधायला बसलेलं. बाबूजींनी आयुष्यात गिऱ्हाईक उठवलं नसेल. ते हात जोडून उभे राहिले. त्या खटल्यातली एक म्हातारी आतला आवाज ऐकून स्वतःच उठली. "चला गं पोरींनो, आधी लेकरू, मंग लुगडं." सगळे उठले. शटर अर्धं खाली आलं आणि बाबूजी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

बाळंतपण म्हणाल तर सुरेख झालं. नेहा चालली, उकिडवी बसली, भाभींच्या गळ्यात पडली, मनीषशेठच्या हाताला नखं रुतवली. दुपार कलली तशी मुलगी झाली. रडली अशी की बाहेर बाबूजींनी रामराम म्हटलेलं मला आत ऐकू आलं. मी बाळ आईच्या छातीवर ठेवलं, मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली.

वार मी नेहमी उजेडात धरून बघते. बघितली, परत बघितली. एका कडेला तुकडा कमी होता. तो तुकडा आत राहिला की गर्भाची पिशवी आवळत नाही, आणि पिशवी आवळली नाही की रक्त थांबत नाही. मांजरपाटावर लाल पसरायला लागलं. मी पोट चोळलं, सलाईन लावली. कमी झालं, पण थांबलं नाही.

"मनीषशेठ, शटर! मॅडमना फोन करा, निघालो म्हणून."

मांजरपाटाची चार टोकं मनीषशेठ, दोन हमाल आणि दुकानातला नोकर अशा चौघांनी धरली. बैठक, दुकान, रस्ता, व्हॅन. कुठं थांबावं लागलं नाही, कुठं तिरकं करावं लागलं नाही. बाबूजी हातानं शटर वर धरून उभे होते. भाभी बाळाला घेऊन पुढं बसल्या. मी मागं, एक हात नेहाच्या पोटावर दाबून. मला भीती वाटत होती, आणि चांगलीच वाटत होती.

तिचे ओठ पांढरे पडले होते. "सिस्टर, आहात ना?"

"आहे. नेहा, माझ्याकडे बघ. नेहा."

दवाखान्यापर्यंत मी तिला नावानंच हाका मारत राहिले. मॅडम दारात तयार होत्या. तुकडा काढला, रक्त चढवलं. संध्याकाळी तिनं चहा मागितला आणि मी बाहेर बाकावर जाऊन ढसाढसा रडले. मॅडम म्हणाल्या, त्या जिन्यातून आणावं लागलं असतं तर वेळ राहिला नसता.

कुणी विचारलं तर मी आजही दवाखान्याकडंच बोट दाखवते. पण घरीच करायचं म्हणून कुणी हटून बसलं आणि खोली दाखवायला लागलं, तर खोली मी शेवटी बघते. आधी दार दाखवा म्हणते. पडदे काय, कुठंही लागतात.

सव्वा महिन्यानं बाळाला बघायला गेले. टबात थोरला होड्या सोडत होता. घरभर धूळ, आणि जिन्यात गवंडी. वळणाची भिंत फोडून जिना रुंद करून राह्यले होते.

"आता कशाला बाबूजी?" मी विचारलं. "सून तर सुटली."

बाबूजी धुळीतच उभे होते. "उशीर झाला, सिस्टर," ते हळू बोलले. "लई उशीर झाला."

"झाला तर झाला," वरून भाभींचा आवाज आला. "पण काम बराबर झालं पाह्यजे. खुर्ची आणा रे. आणि मनीषला नका बसवू. ह्यांना बसवा."

बाबूजी मुकाट्यानं वर गेले आणि खुर्चीत बसले.