भोंग्यावरची गिटार

कोंडीराम प्रेस शॉपमधून साडेतीनला सुटायचा, सायकल मारत निगडीला खोलीवर यायचा, तेव्हा त्याच्या अंगात कसाबसा बोटांपुरता जीव उरलेला असायचा. पण ती बोटं तारांवर पडली की बरं वाटायचं. बास, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सतरा वर्षं झाली होती प्रेसवर.

गिटार त्याला एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून मिळालेली, सोबत ॲम्प्लिफायरचं खोकं. खोक्यातला स्पीकर उंदरांनी खाल्लेला. आणि स्पीकरशिवाय ती इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती चिलटाची भुणभुण. तेवढ्यात एकोणऐंशी सालच्या जयंतीला वस्तीच्या गायन पार्टीत गिटार घ्यायचं अर्जुनराव मास्तरांच्या मनात आलं. पार्टी त्यांची, पेटीही तेच वाजवायचे. म्हणाले, "कोंडीराम, रविवारी दुपारी येतो, ऐकतो. जमलं तर तू, न्हाईतर खडकीचा एक जण हाय."

कोंडीरामला चाळिसावं लागलेलं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

वस्तीच्या जयंती मंडळाचे दोन भोंगे त्याच्याच माळ्यावर असायचे, कारण अख्ख्या ओळीत माळा फक्त त्याच्या खोलीला. सोमवारी आल्या आल्या त्यानं एक भोंगा खाली काढला, वायरी खोक्याला जोडल्या आणि तार छेडली. भोंगा असा काही किंचाळला की बायको कस्तुरानं हातातलं पीठ खालीच सोडलं.

दोन मिनिटांत दारात माणसं. साहेबराव, मंडळाचे अध्यक्ष, खांद्यावर टॉवेल टाकूनच आलेले. "कोण गेलं रं?"

कारण तो भोंगा वस्तीत दोनच कारणांनी वाजायचा. जयंतीला, नाहीतर मयत कळवायला.

"कोण न्हाई गेलं, काका. गिटार हाय."

"गिटार!" साहेबरावांनी टॉवेल झटकला. "आरं, म्हातारी चिमाबाई तिकडं रडाया बसली ना!"

सगळे हसले. शेजारचा ज्ञानदेव तेवढा हसला नाही. तो थर्ड शिफ्टचा, रात्रपाळी करून सकाळी आठला येऊन झोपलेला. डोळे लालभडक. "भावा," तो भिंतीला टेकून म्हणाला, "मला शिव्या द्यायची पण ताकद न्हाई. पाचपर्यंत झोपू दे. मग तू भोंगा वाजव न्हाईतर तोफ वाजव."

मग तसंच ठरलं. रोज पाच ते सहा. पाणीही पाचलाच यायचं, म्हणजे कस्तुरा नळावर, हा गिटारीवर. पण ओळीत थर्डवाला काय एकटा ज्ञानदेवच होता का? म्हणून कोंडीरामनं डोकं लढवलं. भोंगा आडवा केला, त्याचं तोंड वाकळांच्या चळतीत खुपसलं, वर अजून एक गोधडी. आता आवाज बाहेर जायचा नाही.

बाहेर जात नव्हता, पण त्यालाही ऐकू येत नव्हता. तो आवाजाचं बटण थोडं पुढं करायचा. मंगळवारी दोनवर, बुधवारी चारवर. गुरुवारी सहावर नेलं तरी त्याला वाटलं, गोधडी लईच जाड हाय.

शुक्रवारी सगळं अंग मोडून आलं होतं. जाड तारांवर खालचा सूर घोटत बसला. डोळे मिटलेले, मान हलतेय, बोटं एकदम बरोब्बर पडताहेत. आठवड्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, जमतंय राव.

कस्तुरा हंडा घेऊन आत आली आणि थांबली. जवळ येऊन त्याचा खांदा हलवला. "अहो, कशाचा वास येतोय? आन् तुम्ही काय करताय?"

"वाजवतोय की."

"वाजतंय कुठं?"

त्यानं भोंगा वाकळांतून ओढून काढला. मागचं युनिट, आवाज काढणारा डबा, चटका बसावा एवढं तापलेलं. जळालं होतं. भोंगा बोलण्यासाठी असतो, त्याला गिटारीचा खर्ज सोसत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण त्याला युनिटचं काही वाटलंच नाही. तो कस्तुराकडं बघत राहिला.

"कवापासनं बंद हाय?"

"मी दुसऱ्या हंड्याला नळावर गेले तवाच गप झालं होतं. मला वाटलं उरकलं तुमचं." ती हळू म्हणाली. "अर्धा तास झाला."

अर्धा तास तो सूर ऐकत होता. कुठला सूर? प्रेसची घणघण कानात बसलेली, तिच्यावरच तो मान डोलावत होता.

शनिवारी त्यानं साहेबरावांना जाऊन सांगितलं, युनिट जाळलं म्हणून. ते म्हणाले, "जयंतीच्या आत दुसरं बसव, म्हंजी झालं." कान जळाल्याचं त्यानं सांगितलं नाही. तेवढं त्यानं रविवारवर ठेवलं, एक शेवटची आशा म्हणून.

रविवारी मास्तर आले. दुसऱ्या भोंग्यावर गिटार जोडली, बटण जेमतेम उघडलं. मास्तरांनी पेटी धरली. "मी सूर देतो, तू धर." खालचे सूर त्यानं बोटाच्या सवयीनं धरले. मास्तर पेटीबरोबर गात वर चढले तसा तो त्यांच्या बोटांकडं बघायला लागला. मग ओठांकडं. मास्तरांनी भाता थांबवला तरी हा एक ठोका पुढं गेला.

"कानात कापूस घालत जा की रं कामावर," मास्तर म्हणाले.

"कापूस घातला तर प्रेस खाली यायचा आवाज कळत न्हाई, मास्तर. मग बोटं जात्यात."

कस्तुरानं चहा ठेवला, तो कुणी उचलेना. अजून एकदा घेऊ, असं ते म्हणाले असते. त्यांचं तोंड उघडलेलंही होतं. पण कोंडीराम फार दमला होता. मागच्या आठवड्यानं नाही, सतरा वर्षांनी.

"मास्तर, मला पेटी वरच्या सुरात ऐकूच येत न्हाई," तो म्हणाला. "खडकीवाल्याला बोलवा."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग पेटी उचलून गेले.

पाच वाजता ज्ञानदेव उठून दारात येऊन बसला. "आज का न्हाई वाजवत?"

कोंडीरामनं त्याच्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाला, "झालं वाजवून."

"मग काय ठरलं?"

"न्हाई जमलं."

रात्री ज्ञानदेवलाही कामावर जायचंच होतं. त्यानं गार झालेला चहा ओढून घेतला, अर्धा बशीत ओतून कोंडीरामपुढं सरकवला, आणि दोघं पीत बसले.