दाजींना मेकिंग दिलं त्याची गोष्ट

माझ्या लघुपटात कॅमेरामन दोन होते आणि चूक एकच होती. ती माझी.

लघुपट करायचं ठरवलं तेव्हा माणसं गोळा करणं हेच सगळ्यात सोपं काम वाटलं. शिवाजी पेठेत काम येत नाही म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. लाइटला मंडपवाला मिळाला, मेकअपला शेजारच्या पार्लरवाल्या वहिनी. राहिला कॅमेरा. तेवढ्यात कुरुंदवाडहून आक्काचा फोन आला.

"घरात कॅमेरावाला असताना बाहेर कशाला बघाय लागलाईस?"

घरातला कॅमेरावाला म्हणजे आक्काचे यजमान, आमचे दाजी. कुरुंदवाडात त्यांचा स्टुडिओ आहे आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी शूट केली आहेत. त्यांची खोड एकच. फोकस हुकला की ते नवरा-नवरीला हार काढून परत घालायला लावतात. (माझ्या लग्नात मी तीनदा हार घातला.) असा माणूस माझ्या कलाकृतीला कसा चालणार? पण आक्काला मी "व्हय" म्हणालो आणि त्याच संध्याकाळी पुण्याचा एक कॅमेरामन ठरवला. आक्काला किंवा दाजींना ते सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

शूटिंगच्या दिवशी दाजी नवा शर्ट घालून, कॅमेऱ्याची बॅग घेऊन आले, तेव्हा पुणेकर ट्रायपॉड लावत होता. दाजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने म्हणालो, "दाजी, तुमच्याकडं मेकिंग दिलंय. शूटिंगचं शूटिंग. सगळ्यात जोखमीचं काम."

"मग जबाबदार माणूसच पायजे की," म्हणत दाजींनी माझ्या कॉलरला बिनवायरचा माईक अडकवला. दिग्दर्शकाचा आवाज स्वच्छ यायला हवा, म्हणून.

दुपारी पार्लरवाल्या वहिनींनी विचारलं, की तुमचे दाजी सकाळपासून उन्हात उभे राहून नेमकं काय करतायत? मी त्यांना लांब झाडाखाली नेऊन खरं कारण सांगितलं. (कॉलरवरचा माईक मी साफ विसरलो होतो.)

पंधरा दिवसांनी दाजींनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली आणि त्यांनी टीव्हीवर मेकिंग लावलं. पडद्यावर पुणेकर लेन्स पुसत होता. त्यावर माझा आवाज आला, "दाजी म्हंजे नुस्तं लग्नातलं शूटिंगवालं हो. आक्काला वाईट वाटू नये म्हणून ठेवलंय. त्यातलं काय वापरायचं न्हाय."

माझ्या बायकोने बडीशेपेची वाटी उगाच दुसऱ्यांदा फिरवली.

"आवाज चांगला आलाय," दाजी म्हणाले आणि उठून आत गेले.

आक्काने टीव्ही बंद केला. "तुझ्या लग्नाची कॅसेट दरवर्षी बघतोस न्हवं? ती कुणी काढली रं?"

त्यानंतर महिनाभर दाजी माझ्या फोनवर आले नाहीत. दिवाळीला आक्का ओवाळायला येणार की नाही, हेही ती सांगेना. शेवटी नृसिंहवाडीचे पेढे घेऊन मी स्टुडिओत गेलो. दाजी कॅमेऱ्याला डोळा लावून काहीतरी जुळवत होते. आक्का बाजूला बसलेली. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"दाजी, चुकलो. तुम्हाला कमी लेखलं, वर खोटं बोललो. माफ करा."

दाजींनी कॅमेऱ्यावरून डोळा हलवला नाही. म्हणाले, "पावणं, फोकस हुकला. जरा उजेडाकडं तोंड करून परत म्हणा."

मी परत म्हणालो. तिसऱ्या खेपेला, आक्काच्या मते, ते जरा खरं वाटलं.