चाचांची सुई

पेटीवाल्या चाचांनी जॅझच्या एकाही वादकाचं खरं नाव कधी विचारलं नाही. रेकॉर्डींची पाकिटं वाळवीनं खाल्लेली, तेव्हा नावं त्यांनीच ठेवली होती. एक ट्रम्पेटवाला ‘भांडकुदळ’. एक पियानोवाला ‘जावई’, कारण तो मोजकं आणि जपून वाजवायचा. आणि एक सॅक्सोफोनवाला ‘मामा’, एकदा आला की जायचं नाव घेत नसे.

चंद्रपुरात परकोटाच्या आत चाचांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. कोळसा खाणीतल्या कुणा साहेबांनी बदलीच्या वेळी त्यांच्याकडून पेटी करून घेतली. तरी सामान मावेना, म्हणून ते रेकॉर्डी आणि प्लेअर दुकानातच टाकून गेले. चाचांनी सहज लावून पाहिलं आणि कायमचे अडकले. “पयले वाटलं, हे लोकं वाजवून नाई, भांडून राह्यले,” ते सांगत. “मंग समजलं, एकमेकाचं ऐकून भांडून राह्यले. आपल्या घरी असं कुठी होते?”

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या दुकानात जमायचो. मी आरमोरीच्या कॉलेजात शिकवणारा. एटापल्लीच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई आदल्या दिवशीच येऊन बहिणीकडे मुक्काम करत. आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरभाऊ, ते तर गावातलेच. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एकच काही आणायचं, रेकॉर्ड, कॅसेट किंवा पेन ड्राइव्ह, आणि पेटीवर बसून ऐकायचं. नियम एवढाच की आणणाऱ्यानं आधी कौतुक करायचं नाही. मला वर्गात बोलायची सवय, त्यामुळे हा नियम बहुतेक माझ्यासाठीच केला असावा. मी तोंड उघडलं की चाचा म्हणत, “सर, तारीफेनंच पोट भरलं तं गाणं कोन ऐकन?”

शेवटी लागायची ती एक लहान रेकॉर्ड. इतकी संथ आणि उदास, की कंडक्टरभाऊंना दर वेळी आपला गेलेला भाऊ आठवायचा आणि ते उपरण्यानं डोळे पुसायचे. एकदा सिस्टरबाईंचं प्लेअरवरच्या वेगाच्या खटक्याकडे लक्ष गेलं. ती रेकॉर्ड जलद फिरवायची होती आणि आम्ही वर्षानुवर्षं ती हळू लावत होतो. त्यांनी खटका सरकवला, तर आतून लग्नात नाचावं असं धमाल गाणं निघालं. कंडक्टरभाऊंचं उपरणं हातातच राहिलं. चाचा पोट धरून हसले, मग त्यांनी खटका पुन्हा मागे सरकवला. “खरं काय ते समजलं. आता आपलं लावा.”

पुढे गुडघे बोलायला लागले, हातोडा पेलवेना, आणि हैदराबादच्या मुलानं त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. चाचांना दुकानाचं फारसं काही वाटलं नाही. चिंता एकच होती, ती ते परत परत बोलून दाखवत. “मी गेलो का तुमी तिघं तीन दिशेले.” म्हणून त्यांनी वाटणीही तशीच केली. अर्ध्या रेकॉर्डी मला, अर्ध्या सिस्टरबाईंना, प्लेअर कंडक्टरभाऊंना. एकट्यानं ऐकायची सोयच ठेवली नाही.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही कंडक्टरभाऊंच्या घरी जमलो. भजी झाली, चहा झाला, प्लेअरचं झाकण उघडलं, तर सुई जागेवर नाही. भाऊंनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी चाचांना फोन लावला.

“सुई माह्यापाशी आहे,” ते शांतपणे म्हणाले.

“काऊन नेली, चाचा?”

“तुमी तिघं तं भेटान एकमेकाले. मले कोन बलावते? आता बलावा लागन.”

आम्ही हसलो खरे, पण मग लक्षात आलं. हा माणूस आम्हाला इतका हवा होता आणि आम्ही तसं त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. फोन हातात घेऊन मी त्यांना यायचं आवतण दिलं.

पुढच्या महिन्यात चाचा बल्लारशाला गाडीतून उतरले. कापसात गुंडाळलेली सुई सुपारीच्या डबीत आणि डबी खिशात. तेव्हापासून आम्ही बोलावतो आणि ते येतात. जाताना सुई काढून नेतात.

तशी सुई आता घरपोच मिळते. सिस्टरबाईंनी मोबाइलवर तिचा फोटोसुद्धा दाखवला होता. आम्ही तिघांनी तो नीट पाहिला, आणि कंडक्टरभाऊंनी विचारलं, चाचांची गाडी किती वाजता येते.