कॅप्टनचे स्पीकर

आमच्या ह्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे ‘कानसेन’ म्हणतात. तानसेन होता आलं नाही तर माणसानं निदान कानसेन तरी व्हावं, असं हे एकदा ऑफिसात बोलून गेले आणि ते चिकटलं. नोकरी वीजमीटरचं रीडिंग घ्यायची. दिवसाला शंभर दारं वाजवायची, आकडा टिपायचा, पुढचं दार. ह्यांना दारू नाही, पत्ते नाहीत, उगाच कुणाशी भांडण नाही. नाद एकच, चांगला आवाज. आणि तो फुकटात हवा, नाहीतर फुकटाच्या जवळपास. ऐकणाऱ्याला वाटेल नवऱ्याचं कौतुक चाललंय. तसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्ञान मात्र पक्कं. कुणी विचारायचा अवकाश, की सुरू. “पैशातले निम्मे स्पीकरवर घाला. ॲम्प्लिफायर जुना चालतो. वायरीवर जास्तीचा पैसा घालू नका, तिथं दुकानदार तुम्हाला टोपी घालतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबायचे नाहीत, भिंतीपासून हातभर पुढं ओढायचे. आपण बसलो की कान जिथं येतो त्या उंचीवर ठेवायचे. आणि खोलीत जाड पडदा लावा, नाहीतर आवाज भिंतीवर आपटून परत येतो.” हे सगळं खरं आहे. हे ऐकून ऑफिसातल्या तिघाचौघांनी कमी पैशात छान सिस्टिम उभी केली. आमच्या बसायच्या खोलीत माझ्या आईनं दिलेली लोकरीची चादर पडदा म्हणून खिळ्यांनी ठोकली आहे. स्पीकरखाली विटा आहेत आणि विटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे. घरी आलेला प्रत्येक जण आधी त्या विटांना ठेचकाळतो.

जुना चांगला माल कुठं मिळतो, हे मात्र ते कुणाला सांगत नसत. रीडिंग घेता घेता कुणाच्या कपाटात काय वाजतं हे त्यांना पाठ झालं होतं. एखाद्या घराचे युनिट एकदम घसरले, की समजायचं, घरातलं माणूस कमी झालं. मग हळूच चौकशी. गेलेला माणूस ऐकणारा असला तर तीन आठवडे जाऊ द्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन त्या दारात उभं राहायचं. मी कशाला? तर एकटा पुरुष दिसला की बाई दाराची साखळी काढत नाही. शेजारी बायको असली की आत घेते, वर पाणीही विचारते.

आत गेल्यावर ह्यांचं ठरलेलं. चालू करून बघू म्हणायचं, वाकून यंत्रांच्या मागं हात घालायचा, ॲम्प्लिफायरमध्ये खोचलेली रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीची पिन अर्धवट ओढायची आणि तिच्या टोकावर अंगठा टेकवायचा. की सगळ्या खोलीत घुंऽऽ अशी घरघर. बाई दचकते. हे तोंड बारीक करतात. “आतून गेलंय, काकू. बघतो, काही सुटे भाग निघाले तर.” दोष मग हव्या त्या यंत्राला चिकटवायचा, बाईला त्यातलं काय कळतंय? ॲम्प्लिफायर असाच आला एका रिटायर्ड मॅनेजरच्या घरून, रेकॉर्ड प्लेअर एका डॉक्टरांकडून. ह्या यंत्रांना हे त्याच नावांनी बोलावतात, साहेब आणि डॉक्टर. “थांब गं, साहेबांना जरा तापू दे.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते, खोटं कशाला बोलू?

एकदा मात्र मी स्पष्ट म्हणाले, “अहो, हे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं.”

“भंगारवाला किलोवर नेतो ते चालतं? मी निदान वाजवतो तरी.”

आणि मी पुढच्या घरीही गेले.

राहिले होते स्पीकर. आमच्याकडचे होते ते डबा वाजवल्यासारखे. नव्यांची किंमत म्हणजे ह्यांचा चार महिन्यांचा पगार. आणि हवे तसे स्पीकर आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरात होते. ताईंचे यजमान बोटीवर कोठार सांभाळायचे, पण अख्खी इमारत त्यांना कॅप्टन म्हणायची. कुठल्याशा बंदरातून त्यांनी ती जोडी आणली होती, कमरेएवढी उंच, गडद लाकडाची. संध्याकाळी कॅप्टन ऐकत बसले की आमचे हे जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबायचे. वर यायला अर्धा तास लागायचा.

कॅप्टन गेले. ह्या वेळी मीटर बघायची गरज नव्हती, आम्हीच त्यांना बाहेर गाडीपर्यंत नेलं होतं.

तीन आठवड्यांनी हे शर्ट बदलून उभे. मी म्हटलं, “ताईंकडे नाही. मी येणार नाही.”

“अगं, विचारायला काय जातं? नाही म्हणाल्या तर परत येऊ.”

ताई नाहीच म्हणाल्या. शिलाई मशीनवरून न उठता म्हणाल्या, “नाही हो भाऊ, मुलगा म्हणतोय मला हवेत. घर झालं त्याचं की नेईल.” मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. मला इतकं बरं वाटलं, की मी उठलेसुद्धा. पण हे म्हणाले, “बरं, नेईपर्यंत नीट राहायला हवेत. बघून ठेवतो, ताई.” आणि वाकले.

घरघर झाली.

“अरे देवा,” ताई म्हणाल्या. “परवा तर मी लावलं होतं, छान वाजत होतं.”

“आतला पडदा विरलाय दोन्हींचा. आता दिवसेंदिवस वाढत जाणार. मुलगा एवढं ओझं नेणार, भाडं भरणार आणि तिकडे जाऊन फेकणार. मी उघडून बघतो, जमलं तर जमलं.”

ताईंचं ह्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझं मूल पोटातच गेलं तेव्हा नऊ दिवस हॉस्पिटलात ह्याच बाई माझ्या उशाशी होत्या, हातशिलाईचं काम मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, “तू सांग गं. खरंच गेलेत का?”

ह्यांचा अंगठा मागं होता, मला दिसत होता.

मी म्हटलं, “हो ताई. गेलेत.”

का म्हटलं? नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही सवय. आणि हो, ह्यांचं जिन्यातलं तोंड मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, मलाही वाटत होतं की मिळावं एकदाचं. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. ताईंनी पैसेसुद्धा घेतले नाहीत. “भंगाराचे कसले पैसे?” म्हणाल्या. ह्यांच्या दृष्टीनं तर सुंठीवाचून खोकला गेला.

आवाज काय सांगू? चांगला होता. गाणारीनं श्वास घेतला तर तो आपल्या खोलीत घेतल्यासारखा वाटायचा. कानसेन डोळे पुसत बसले आणि मी रागानं भांडी आपटली, आणि तेवढंही स्वच्छ ऐकू येत होतं.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, ताई वर आल्या. हातात कॅप्टनची एक रेकॉर्ड. “दुरुस्त झाले म्हणे. एकदा ऐकू का?” ह्यांनी खुर्ची बरोबर मधोमध ठेवली, ताईंना बसवलं, रेकॉर्ड लावली. ताई पूर्ण बाजू ऐकेपर्यंत हलल्या नाहीत. मग ह्यांना म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या हाताला यश आहे. हे असते तर किती खूश झाले असते.”

ह्यांनी नमस्कार केला. लाज म्हणून नाही!

मी ताईंना दारापर्यंत सोडायला गेले. त्या माझा हात धरून म्हणाल्या, “एक सांगू? मुलगा बोलत नाही माझ्याशी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, ‘घरघर म्हणजे पिन निघाली असेल, स्पीकरचा काय संबंध? तुला फसवलंय त्यांनी. बाबांची एक वस्तू मागितली होती मी.’ मला इतका राग आला! म्हटलं, त्या बाईला मी वीस वर्षं ओळखते, तू मला वर्षातून दोनदा तोंड दाखवतोस. ती माझ्याशी खोटं बोलायची नाही. नाही नाही ते बोलले मी त्याला. वडिलांच्या आजारपणात आला नाहीस आणि आता स्पीकर हवेत, असंही बोलले. तेव्हापासून फोन उचलत नाही.”

मी म्हटलं, “ताई, तो खरं बोलत होता.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी पिन सांगितली, अंगठा सांगितला. आत ह्यांनी रेकॉर्ड उलटी करून लावली होती, ती सुरू झाली.

ताईंनी माझा हात सोडला. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. एवढंच म्हणाल्या, “आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू?” आणि कठडा धरून खाली गेल्या.

मी आत येऊन म्हटलं, “स्पीकर परत द्यायचे. आत्ताच्या आत्ता.” हे उठले, दोघांनी मिळून एक खाली नेला. ताईंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. “तिथं आता कापायचं टेबल ठेवलंय,” म्हणाल्या. “असू दे तुमच्याकडेच.” आम्ही तो परत वर आणला. वर आणताना फार जड लागला. हे म्हणाले, “बघ, त्यांनाच नको होते.” मी तो तिथंच सोडून स्वयंपाकघरात निघून गेले. पण दोष पुरता ह्यांच्यावर ढकलता येत नाही, तेच खुपतं. अंगठा ह्यांचा होता, “हो” माझं होतं.

मुलाचा फोन आला की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही. गेल्या आठवड्यात माझ्या ब्लाउजची बाही उसवली. दुसऱ्या कुणाकडे टाकला तर आमचं बिनसलंय ते आणखी दिसेल, म्हणून खालीच घेऊन गेले. ताईंनी बाही बघितली, टेपनं मापली आणि परवा या म्हणाल्या. या! वीस वर्षं मला अगं-तुगं करणारी बाई. परवा गेले तर शिवण नेहमीसारखीच, बारीक आणि सरळ. मी वळले तर त्यांनी शिलाई सांगितली. आजवर माझ्याकडून त्यांनी कधी एक पैसा घेतला नव्हता. मी पर्स उघडली आणि पैसे दिले, त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईला विचारलं, “बोला, तुमचं काय आहे?”