शेऱ्याचा रकाना

नदीकाठच्या कारधा गावातल्या प्लॉटांची दलाली करणारे आमच्या ओळखीचे एक काका गिऱ्हाइकाला आधी प्लॉटमधली खोट सांगायचे, भाव मागाहून. प्रत्येक खोट त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर, शेऱ्याच्या रकान्यात एका बोटाने टाइप केलेली होती: ‘पुरात पाणी कंबरेएवढं.’

नवा कॉम्प्युटर मीच लावून दिला. नव्या प्रोग्राममध्ये तसा रकाना नव्हता, म्हणून शेरे सोडून बाकी सगळं उतरवलं आणि जुना डबा भंगारात दिला. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

ते रागावले नाहीत. काल मात्र एका जोडप्याला प्लॉट आवडला, तेव्हा बराच वेळ पडद्याकडे बघून ते म्हणाले, “हा नोका घेऊ बाप्पा. याच्यात काहीतरी होतं, मले आठवून नाही राहिलं.”