खिळ्याभोवतीची हळद

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गावाजवळच्या जामच्या चौफुलीवरून आमची यात्रेची बस निघाली तेव्हा माझ्या शेजारी काकू बसली होती, आणि तिला बरोबर घेतल्याचा पश्चात्ताप मला पहिल्याच मुक्कामाला झाला. मी तेव्हा बी.ए.ला होते, शहाणपण नुसतं उतू जात होतं.

काका जाऊन तीन वर्षं झाली होती. बैलबंडीचा गंजका खिळा तळपायात घुसला, धनुर्वात झाला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. काकू तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. देवाला हात जोडणं मात्र तिनं बंद केलं. दरसाल गिरडच्या दर्ग्याची टेकडी चढणारी बाई, पण ती तिकडे फिरकेनाशी झाली. "सारं केलं, लगेच हळदबी भरली, तरी नेलंच," एवढंच सांगायची. कमरेला हळदीची पुडी खोचून हिंडायची आणि कुणाला नुसतं खरचटलं तरी धावून जायची. गाव तिला हसायचं, मीही हसायचे. तिनं कुठंतरी एकदा हात जोडावेत, मन मोकळं करावं, एवढ्यासाठी घरच्यांनी तिला माझ्या गळ्यात मारलं होतं.

वाटेतल्या एकाही देवळाशी ती बसमधून उतरली नाही. गोव्यातला शेवटचा दिवस चर्चचा होता. बायकांनी नारळ घेऊन ठेवले होते, ते बसच्या मॅनेजरनं परत पिशव्यांत टाकायला लावले. "तिथं फोडायचं नाई, कशाले हात लावायचा नाई," त्यानं बजावलं. आणि काकू उठून उभी राहिली.

"इथं काऊन उतरून राह्यली?" मी विचारलं.

"हा देव मले ओळखत नाई," ती म्हणाली.

पहिल्या दोन चर्चमध्ये सोनेरी वेलबुट्टी बघून आणि चपला काढायच्या की नाही यावर वाद घालून आम्ही बाहेर पडलो. तिसरं चर्च लहान होतं. आत शिरलो आणि सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर ओढले. मी येशू पाहिला होता तो कॅलेंडरवरचा, कडेवर कोकरू घेतलेला. इथं माणसाएवढा लाकडी देह क्रुसावर होता, अंगावर रक्ताचे ओघळ रंगवलेले. पाय एकावर एक, आपल्या छातीइतक्या उंचीवर, आणि दोन्हींतून आरपार एकच खिळा.

"या लोकायच्या देवाचा खिळा अजून कोणी काढला नाई?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

तोवर काकू पुढे गेली होती. तिनं पुडी सोडली आणि त्या खिळ्याभोवती चिमटीनं हळद भरायला लागली. मॅनेजर "ओ बाई, ओ बाई!" ओरडत धावला. चर्चमधला म्हातारा सेवक ओलं फडकं घेऊन आला. शरमेनं मला धरणी दुभंगावी असं झालं. मी तिला दंड धरून खेचलं.

"सोड," ती म्हणाली. "तवा लावली नाई मी."

"काय नाई लावली?"

"हळद. तुहे काका म्हणे, जरा हळद आण. मी म्हणलं, भाकरी होऊ दे, मंग आणतो. मंग राहूनच गेलं. तुम्हाले खोटं सांगतलं साऱ्यायले." आणि ती त्या लाकडी पायांवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली. म्हातारा फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला.

माझा हात तिच्या दंडावरून गळून पडला. ती दुपार मला लख्ख आठवली. सुट्टी होती, मी त्यांच्याच घरी होते. काकू चुलीशी होती. मी ओसरीवर लोळत मासिक वाचत होते, हळदीच्या डब्यापासून चार पावलांवर. काकांनी हाक मारली ती मीसुद्धा ऐकली होती. काकू उठेल, असं मला वाटलं होतं. तीन वर्षांत ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

खालच्या पायाला अजून हळद लागली नव्हती. मी हात पुढे केला.

"काकू," मी म्हणाले, "मले बी दे थोडी."