एक तारखेच्या आत

आमच्या ऑफिसात फाइल बंद झाली की बेसमेंटमध्ये जाते. किस्से मात्र लंचच्या टेबलावरच साठत राहतात, आणि या वर्षी तर ढीग झालाय.

मी शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात अरविंदकाकांकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, आहे. काका वकील, वय सत्तरीच्या पुढे, फाइल उघडायलाही वेळ लावणारे. यंदा राज्याने मुदतीचा कायदा बदलला. कुणी लेखी शब्द देऊन पाळला नाही, तर दहा वर्षांपर्यंत कोर्टात जाता यायचं, आता सहाच. त्याहून जुना कागद असेल तर एक डिसेंबरच्या आत दावा लावायचा, नाहीतर कागद रद्दी. नावं बदलून सांगते.

*

मी सगळ्या जुन्या क्लायंट्सना ईमेल केला, डेडलाइन लाल अक्षरांत. तीन उत्तरं आली. एकात होतं, "तुम्हालाही दिवाळीच्या शुभेच्छा."

काका फोन घेऊन बसले. आधी गुडघे, मग नातवंडं, मग इंडियाची ट्रिप. पंधरा मिनिटांनी कायदा. मी चिडून म्हटलं, "काका, अशाने एक तारीख उजाडेल."

आठवड्याभरात लोक कागद घेऊन दारात. एका काकूंना मी विचारलं, ईमेल नव्हता का मिळाला?

"मिळाला गं. पण तो मशीनने पाठवलाय असं वाटलं."

*

पुण्याचा एक आयटीवाला आला. बिल्डरने त्याला बेसमेंटची गळती काढून देतो असं लिहून दिलं होतं, सात वर्षांपूर्वी.

"एक्स्टेन्शन मिळेल ना? व्हिसाला मिळतं."

काका शांतपणे म्हणाले, "मिळेल की. फक्त गव्हर्नरची सही आण."

त्याने फोनमध्ये लिहून घेतलं, यार!

*

सुमनमावशी डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, एका मिठाईच्या दुकानाच्या वर राहतात. दुकान त्यांच्या यजमानांचं आणि मित्र भास्कररावांचं. बिल्डिंग एकट्या भास्कररावांच्या नावावर. यजमान गेल्यावर भास्कररावांनी लिहून दिलं, "वरचा फ्लॅट वहिनींच्या नावे करून देईन." केला नाही. आता सगळा कारभार भास्कररावांच्या मुलांच्या हातात, आणि ती बिल्डिंग विकायला निघाली होती.

कागदावर तारीख काय? "अक्षय्य तृतीया." साल नाही! मी दोन दिवस डोकं फोडलं.

काकांनी कागद फक्त उलटला. मागे भास्कररावांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, सालासकट. स्कॅन करताना मी एकच बाजू केली होती.

"लग्न झालं की उरलेल्या पत्रिकांवर आपण वर्षभर याद्या लिहितो," काका म्हणाले. मग छताकडे बघून, "त्या वर्षी अक्षय्य तृतीया मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती. कागद दहा वर्षांच्या आतला आहे."

मी गुपचूप इंटरनेटवर तपासलं. दुसरा आठवडाच होता. त्यानंतर दिवसभर मी काकांना घाई करा म्हटलं नाही.

*

पण मावशी सही करेनात.

"भावोजींवर केस? दिराच्या जागी आहेत ते."

"मावशी, तुमचं घर जाईल. एक तारखेपासून आम्हालाही काही करता येणार नाही."

"कळलं गं मला."

मी काकांकडे बघितलं. ते एवढंच म्हणाले, "तीस तारखेला पाचपर्यंत मी इथे आहे."

मावशी गेल्यावर मी उसळले. "तुम्ही समजावलं का नाही?"

"त्यांनी सगळं ऐकलंय," काका म्हणाले. "तुझं तर पार्किंग लॉटपर्यंत ऐकू गेलं."

*

तीस तारखेला सकाळपासून बर्फ. साडेचारला मी कॉम्प्युटर बंद करायला लागले. काका हलले नाहीत.

पावणेपाचला मावशी आल्या. खांद्यावर बर्फ, हातात पर्स. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून दावा वाचायला सुरुवात केली. मी घड्याळाकडे बघत होते; काकांनी मला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. मावशींनी प्रत्येक पान वाचलं. शेवटच्या पानावर सही केली, संथ, मराठीत.

मी दावा ऑनलाइन फाइल केला. कोर्टाची पोच आली. फ्लॅटवरचा हक्क जिवंत राहिला.

"मावशी, चला, मी सोडते घरी."

"नको. भावोजी खाली थांबलेत."

मी खिडकीशी गेले. पार्किंगमध्ये एक गाडी, वायपर चालू. आत मफलर गुंडाळलेले भास्करराव.

"मावशी... त्यांना माहितीये तुम्ही इथे कशाला आलात?"

मावशी कोटाची बटणं लावत होत्या.

"सकाळी त्यांचाच फोन आला," त्या म्हणाल्या. "'वहिनी, तयार राहा, आज शेवटचा दिवस आहे.'"